हात वर करायचा डिसेंबर

डिसेंबर लागला की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. बाबांचा खोकला आणि सोहमची भांडणं. सोहम माझा मुलगा. व्हिडिओ गेम खेळायचे आणि त्यांच्यावर लिहायचं, ही त्याची नोकरी आहे. हो, नोकरीच. मलाही पटायला वेळ लागला. वर्ष संपत आलं की त्याच्यासारखी दहाबारा टाळकी मिळून वर्षातला सगळ्यात भारी गेम निवडतात. मोबाइलवरचा वेगळा, कॉम्प्युटरवरचा वेगळा, टीव्हीला जोडायच्या डब्यावरचा वेगळा आणि शेवटी या सगळ्यांतून एकच. त्या एकासाठी हा मुलगा कानाला फोन लावून घरभर तंडत फिरतो. "अरे दिसायला भारी आहे, कोण नाही म्हणतंय? पण खेळायला कंटाळा येतो त्याचं काय? आणि मोबाइलवर आला म्हणून तो काय गेम नाही का?" मी स्वयंपाकघरातून म्हणते, "हळू रे, लग्न जमवतोयस की काय कुणाचं?" त्यावर तो नुसता हात हलवतो. म्हणजे, आई, तुला नाही कळणार.

मला नाही कळणार! अरे मेल्या, वर्षाचा गेम निवडायची पद्धत या डिलाईल रोडवर तुझ्या जन्माच्या आधीपासून होती. आणि तुझ्यापेक्षा जोरात भांडायचो आम्ही.

यंदा भांडणं आहेत, खोकला नाही. दिवाळी झाली आणि बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. हॉलमध्ये खिडकीशी त्यांची कॉट लावलीय. चाळ पाडून उभ्या केलेल्या या इमारतीच्या खिडकीतून पूर्वी दिसायचं त्यातलं काहीच दिसत नाही, तरी ते दिवसभर तिकडे बघत असतात. सोहमच्या तोंडून "मत" किंवा "बहुमत" असा शब्द आला की तेवढी मान वळते. का वळते ते मला ठाऊक आहे. माझंही मन तिथेच जातं.

मी सांगतेय त्या डिसेंबरात मिलच्या संपाला कितीतरी वर्षं होऊन गेली होती. होऊन गेली होती म्हणायचं आपलं, कारण संप संपला असं आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. तो जिंकला नाही, मिटला नाही, नुसता जुन्या लुगड्यासारखा विरत गेला. लहानपणी शाळेत कुणी विचारलं, तुझे वडील काय करतात, की मी ताठ मानेने सांगायची, "संपावर आहेत." बाई आधी हळहळल्या, मग पुढच्या इयत्तेतल्या बाई हसल्या आणि त्यानंतर मला कुणी तो प्रश्न विचारेनासं झालं.

तेव्हा थंडी खरंच जास्त पडायची, की आमच्याकडे पांघरुणं कमी होती म्हणून तसं वाटायचं, देव जाणे. सकाळी नळाचं पाणी बोटांना चावायचं. गॅलरीत बंब पेटायचे आणि धूर कठड्यापलीकडे जायचाच नाही, तिथेच रेंगाळायचा. डोळे चोळत दात घासायचे. कानटोप्या घातलेले म्हातारे उन्हाच्या पट्ट्याबरोबर आपली स्टुलं सरकवत बसायचे. त्यातले निम्मे म्हातारे नव्हतेच, हे मला आता माझं वय झाल्यावर कळतं. चाळिशीची माणसं होती ती. धडधाकट, कानटोपी घालून, दुपारपर्यंत नुसती बसलेली. दुपारी कधी पिंजारी यायचा. त्याच्या तारेचा टंव टंव आवाज चौकात घुमायचा आणि कापसाची पिसं उडून दुसऱ्या मजल्यापर्यंत यायची. आईला ती पिसं बघवायची नाहीत. "सोडलो तरी ह्यो कापूस पाठ काय सोडणा नाय," असं म्हणत ती ओल्या फडक्याने कठडा पुसून काढायची. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ती घट मांडायची, कलशात आंब्याची पानं लावायची आणि देवीला शिरा दाखवायची. त्या शिऱ्यात रवा कमी आणि पाणी जास्त असायचं. देवीने कधी तक्रार केली नाही, मी मात्र करायची.

बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. ते चालू झाले की शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू यायचं नाही म्हणे, त्यामुळे तिथली माणसं हातांनी बोलायची. दोन बोटं ओठांना म्हणजे विडी आहे का. मूठ पोटावर म्हणजे जेवायला चल. अंगठा खांद्यामागे म्हणजे खात्यावरचा मुकादम, जॉबर, येतोय, सांभाळ. बाबांचे हात घरीसुद्धा तसेच बोलायचे. पाणी हवं असलं तर तोंडाने मागायचे नाहीत. आईशी भांडतानाही तेच. ते हातांनी भांडायचे आणि आई तोंडाने. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचं, बिचारा माणूस किती ऐकून घेतो.

पण एक गोष्ट ते हात करत नसत. ते वर जात नसत. बसला हात दाखवायचा नाही. चाळीच्या मीटिंगमध्ये कुणाच्याही बाजूने हात वर करायचा नाही. आमच्या शाळेच्या पालकसभेत बाईंनी विचारलं, सहल काढायची का, हात वर करा. साऱ्या वर्गाच्या आईबापांचे हात वर आणि आमचे बाबा खिशात हात घालून फळ्याकडे बघतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताच मी उखडले. "हात वर करायला काय जातं हो तुमचं? काय वजन आहे का हाताला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग माझं मनगट धरलं आणि माझा हात डोक्याच्या वर नेला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. माझा खांदा ताणला गेला. "असोच," ते म्हणाले. "सदूचो हात." आणि सोडून दिला.

पुढचं आईने सांगितलं, मोरीशी भांडी घासत, माझ्याकडे न बघता. सदूकाका म्हणजे बाबांचा साचेखात्यातला जोडीदार. बाजूबाजूला साचे, एकाच गॅलरीत खोल्या, गावही एकाच खाडीवरचं. संप करायचा की नाही ते ठरवायला मिलच्या गेटवर मीटिंग भरली होती. नुसती डोकीच डोकी. स्टेजवरून प्रश्न आला, "मान्य आहे?" आणि सगळ्यांचे हात वर गेले. सदूकाकाचा गेला नाही. घरात बायको आजारी, पोरगा विल्या अंगावर पिणारा. तो बाबांच्या कानात म्हणाला, "गोविंदा, माझा मन होणा नाय रे." बाबांनी काय करावं? हसत हसत त्याचं मनगट पकडलं आणि त्याचा हात आपल्या हाताबरोबर वर केला. "मान्य!" बाजूचे हसले. सदूकाकाही हसला. नाचायला लाजणाऱ्या दोस्ताला ओढावं तसं केलं होतं बाबांनी, त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. पुढे मिल बंदच राहिली. सदूकाका शिवडीच्या गोदामांत गोण्या उचलायला जायला लागला. छातीने दगा दिला, रक्त पडायला लागलं आणि एका हिवाळ्यात तो गेला. विल्याच्या आईने बाबांना कधी एका शब्दाने बोल लावला नाही. तेच तर वाईट झालं. तिने एकदा चारचौघांत चांगल्या शिव्या घातल्या असत्या ना, तर बाबा सुटले असते.

मग आमच्या चाळीत व्हिडिओ गेम आले. तळमजल्याच्या एका गाळ्यात पूर्वी एकट्या राहणाऱ्या कामगारांची खानावळ होती. जेवणारे गावी गेले आणि खानावळ बंद पडली. तो गाळा एका शेठने घेतला आणि आत मोठमोठ्या कपाटांएवढी मशीनं आणून ठेवली. दाराला काळा पडदा लावला. भिंतीला चुलीची काजळी तशीच होती आणि जिथे पंगती बसायच्या तिथे आता रणगाडे फुटत होते. आत गेलं की उकडायचं. गरम झालेल्या प्लॅस्टिकचा, खोबरेल तेलाचा आणि अगरबत्तीचा मिळून एक वास यायचा. आजही कुठे तो वास आला की माझी बोटं आपोआप हलतात.

मशीन सांभाळायला शेठने बाबांना ठेवलं. बाबा तिथे रमले, हे मी शपथेवर सांगते. कारण तिथे साचेखात्यासारखाच दणदणाट होता. टिंव टिंव, धडाम, पोरांची आरडाओरड. त्या गोंगाटात बाबांचे हात परत बोलायला लागले. अंगठा खांद्यामागे म्हणजे तुझा बाप येतोय, पळ. मूठ पोटावर म्हणजे घरी जा, जेव. पोरं ती भाषा पटकन शिकली. खेळायचा दांडा ढिला झाला की बाबा त्याला चामड्याची पट्टी गुंडाळून वरून सुताची गाठ मारायचे. दसऱ्याला त्यांनी त्या मशीनांना झेंडूचे हार घातले, पूर्वी साच्याला घालायचे तसे. आई नाक मुरडायची. "पोरांक जुगार शिकवतत आणि त्येका हार!" पण घरात शिऱ्यातला रवा वाढला होता, त्यामुळे ती तेवढ्यावरच थांबायची.

मुलगी म्हणून मला त्या पडद्यामागे कुणी जाऊ दिलं नसतं. बाबा आत असल्यामुळे मी बिनधास्त जायची. रणगाड्यांत माझा हात धरणारा चाळीत कुणी नव्हता. हे मी सोहमला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर लेख लिहील माझ्यावर.

एव्हाना मशीनला जोड आली होती. पप्याचा मामा मस्कतला होता, त्याने पप्याला टीव्हीला लावायचा गेम आणून दिला. आणखी कुणाकडे हातात मावणारी चपटी डबी होती, तिच्यात एक माणसासारखा काळा ठिपका उड्या मारत पडणाऱ्या बादल्या झेलायचा. म्हणजे मोठं मशीन, टीव्हीवरचा गेम आणि हातातली डबी. सोहमच्या भाषेत प्लॅटफॉर्म. आमच्या भाषेत तीन पार्ट्या. आणि तीन पार्ट्या म्हटल्यावर यातला भारी कोणता यावरून रोज राडा. शेवटी बंड्याने तोड काढली. बंड्या म्हणजे आमच्यातला सगळ्यात मोठ्या घशाचा पोरगा. तो म्हणाला, वर्षाच्या शेवटच्या रविवारी मीटिंग घ्यायची आणि वर्षाचा गेम ठरवायचा.

आता मीटिंग म्हणजे आम्हाला एकच प्रकार ठाऊक. गेट मीटिंग. दुसऱ्या कुठल्या वस्तीतल्या पोरांनी चिठ्ठ्या टाकल्या असत्या, पैज लावली असती. आमचा बंड्या पाण्याचं पिंप पालथं घालून त्याच्यावर चढायचा, मुठी आवळायचा आणि "कामगार बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणून सुरू व्हायचा. भगिनी मी एकटीच. एकेका गेमचं नाव घेऊन हात मोजायचे. ज्याला जास्त हात, तो वर्षाचा गेम. मग बंड्या विचारणार, "मान्य आहे?" आणि मग हरलेल्यांनीसुद्धा हात वर करून "मान्य!" म्हणायचं. जो करणार नाही तो फितूर. वर केलेला हात खाली घ्यायचा नाही. हे नियम आम्हाला कुणी शिकवले नव्हते. बापांच्या खांद्यावर बसून बघितले होते. आम्ही असे ओरडायला लागलो की गॅलरीतली कानटोपीवाली माणसं गप्प व्हायची आणि एकेक करून खोलीत जायची. आम्हाला वाटायचं, आपला आवाज त्यांना सहन होत नाही.

त्या वर्षी मीटिंगच्या चारआठ दिवस आधी शेठ गाळ्यात आला. बाबांना म्हणाला, "गोविंदराव, मशीन जुनी झाली. आता पोरं टीव्हीच्या गेमचं नाव काढतात. तुमच्या त्या पोरांचं काय ते ठरू दे. ती मशीन म्हणाली तर मशीन ठेवतो. टीव्ही म्हणाली तर टीव्ही आणून लावतो. पण मग टीव्हीला मेकॅनिक कशाला लागतो? माझा भाचा बसेल."

घरी आल्यावर बाबांनी हे सांगितलं. तेही हातांनी. टीव्हीचा चौकोन काढला आणि मग दोन्ही तळवे झटकले.

आईला ते क्षणात कळलं. "मगे बसलात काय असे? पोरांका सांगा, मशीनला हात वर करा म्हणून. काकांचा ऐकतत सगळे. नायतर ह्या बाय सांगात." ह्या बाय म्हणजे मी. मी तयारच होते. चप्पल घालून निघाले होते.

"नाय," बाबा म्हणाले. तोंडाने म्हणाले. "कोणाक काय सांगूचा नाय."

"का पण?"

"पोरांचा मत हा ता. पोरांनी देऊचा."

आईने हातातली पळी आपटली. "मत! मोठो मतवालो! मत घालून कालवण करूचा काय मी?" त्या रात्रीचं कालवण पाणीदार होतं की नव्हतं ते आठवत नाही. पण कुणी दुसऱ्यांदा भात मागितला नाही, हे आठवतं.

त्या रविवारची दुपार मला अजून दिसते. कोवळं ऊन होतं. कुणीतरी हरभऱ्याच्या जुड्या आणल्या होत्या आणि आम्ही घाटे सोलून खात होतो, त्या खारट आंबट चवीने ओठ चरचरत होते. शेठ स्कूटरला टेकून सुपारी कातरत उभा. बाबा गाळ्याच्या दारात, पडदा अर्धा बाजूला करून. वर गॅलरीत आई. तिने त्या दिवशी कठडा तीनदा तरी पुसला असेल.

हातातली डबी पहिल्याच फटक्यात उडाली. एकट्याने खेळायचा गेम, त्याला कोण हात वर करणार? मग राहिले दोन. टीव्हीला पप्याच्या घरी ज्यांना प्रवेश होता त्यांचे हात. मशीनला बाकीच्यांचे, कारण पप्याची आई पाय धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही आणि धुतले तरी सगळ्यांना घ्यायची नाही. माझा हात अर्थातच मशीनला. खरं सांगायचं तर टीव्हीवरचा गेम मला जास्त आवडायचा, पण घरचा तवा कशावर तापतो ते मला कळत होतं. बंड्याने मोजलं, परत मोजलं. दोन्हीकडे हात सारखे. एक विल्या राहिला होता. सदूकाकाचा विल्या. घाट्यांची टरफलं मुठीत धरून तो जमिनीकडे बघत उभा होता.

"विल्या, बोल," बंड्या वरून ओरडला. विल्या बोलेना. बंड्याला दम कुठला! तो मशीनच्या पार्टीचा. पिंपावरून उडी मारून आला, विल्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात सरळ वर उचलला. "विल्या मशीनला! मान्य आहे?"

"मान्य!" आम्ही ओरडलो. मी तर बेंबीच्या देठापासून ओरडले. वर आईने पदर तोंडाला लावला. जिंकलो होतो. बाबांची नोकरी राहिली होती.

"सोड!"

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. साचेखात्यातले सगळे साचे चालू असताना माणसाला खरंच जीव तोडून ओरडावं लागलं, तर तो असा ओरडत असेल. "सोड! सोड त्येचो हात!"

बाबा एका पायात चप्पल घालून तरातरा चालत येत होते. बंड्याने विल्याचा हात टाकलाच. शेठची सुपारी कातरायची थांबली. बाबा विल्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांना धाप लागली होती. "तुका काय व्हया ता सांग," ते म्हणाले. "कोणाकडे बघू नको. तुझा तू सांग."

विल्याने कुणाकडे बघू नको सांगितल्यावरही माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. मग तो हळूच म्हणाला, "काका, मशीनवर मेलो की परत नाणं टाकायला लागतं. टीव्हीवर मेलो की पहिल्यापासून चालू होतं." आणि त्याने टरफलं खाली टाकून हात वर केला. टीव्हीला.

बाबांनी मान डोलावली. दोनदा. बंड्याने पडल्या आवाजात विचारलं, "मान्य आहे?" सगळ्यांचे हात वर गेले, नियमच होता. माझा गेला नाही. मी फितूर झाले. बाबा वळले, गाळ्यात गेले आणि त्यांनी आतून पडदा ओढून घेतला. शेठ स्कूटरला किक मारत म्हणाला, "चला, पोरांनीच सोडवलं."

संक्रांतीच्या आत मशीनं हातगाडीवर चढली. दोर बाबांनीच आवळले. नवे टीव्ही आले, शेठचा भाचा आला. बाबा शिवडीला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले. सदूकाकाने जिथे गोण्या वाहिल्या त्या रांगेतच कुठेतरी. आई पापड लाटायला लागली, तिची कंबर तेव्हा धरली ती शेवटपर्यंत सुटली नाही. भांडणात ती एकच वाक्य परत परत बोलायची. "ह्येंका मेलेल्या माणसाची लाज, जित्यांची नाय."

मलाही तसंच वाटायचं. आता उगाच शहाणपणाने सांगत नाही की मला तेव्हाच बाबांचं मोठेपण कळलं वगैरे. काही कळलं नाही. राग आला. स्वतःचं मन हलकं करायला या माणसाने आमची ताटं हलकी केली, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले. एक हात जबरदस्तीने वर केला म्हणून सदूकाकाचं घर बुडालं. दुसरा करू दिला नाही म्हणून आमचं बुडालं. मग माणसाने करावं काय? बाबांना हे एकदा सुनावलंसुद्धा. त्यांनी दोन बोटं ओठांना लावली, विडी आहे का. विडी तर त्यांनी कधीच सोडली होती. विषय बदलायचा होता एवढंच.

आणि विल्या? विल्या याच इमारतीत राहतो, वरच्या मजल्यावर. बाबांना झटका आला तेव्हा लिफ्ट बंद होती, तोच त्यांना पाठुंगळी घेऊन जिने उतरला. रोज संध्याकाळी येऊन कॉटशी बसतो. दोघं फारसं बोलत नाहीत. सदूकाकाच्या हाताची गोष्ट त्याला माहीत आहे की नाही, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

व्यायाम घ्यायला एक मुलगी घरी येते. चुणचुणीत आहे, बाबांना "आजोबा, आज चेहरा का पाडलाय?" असं दरडावते. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "आजोबा, आज उजवा हात वर करायचा. करा बघू." बाबा त्या हाताकडे बघत राहिले. मेलेल्या माशासारखा पडला होता तो गोधडीवर. मग त्यांचा डावा हात सावकाश पुढे आला, त्याने उजव्याचं मनगट पकडलं आणि हात उचलून डोक्यापर्यंत नेला. मी दारात दुधाचा कप घेऊन उभी होते.

"अंहं, असं नाही आजोबा," मुलगी म्हणाली. "दुसऱ्या हाताने ओढायचा नाही. त्याचा त्याला येऊ दे."

बाबांची डावी मूठ उघडली. उजवा हात धप्पकन खाली पडला. बाबांच्या चेहऱ्याची एकच बाजू रडते आता. तेवढीच रडली. जड जिभेने काहीतरी म्हणाले. मुलीने विचारलं, "सदू? सदू कोण?" मी सांगितलं, "जोडीदार त्यांचा."

सोहमच्या निवडणुकीचा शेवटचा दिवस जवळ आलाय. सगळे गेम गाळून गाळून त्याच्याकडे दोन उरलेत. एक मोठ्या डब्यावरचा, डोळे दिपतील असा. दुसरा मोबाइलवरचा, साधा, एका अंगठ्याने खेळायचा. हा मोबाइलवरचा गेम सोहम आजोबांना रोज खेळायला देतो, बोटं हलतील म्हणून. डाव्या अंगठ्याने बाबा खेळतात आणि मेले की हसतात, कारण पहिल्यापासून चालू होतं. काल सोहम कॉटवर येऊन बसला. थट्टेतच म्हणाला, "आजोबा, मला ठरवता येत नाहीये. तुमचं मत द्या. हा आवडला असेल तर हात वर करा."

मी चमकून बघितलं. बाबाही बघत होते, स्वतःच्या उजव्या हाताकडे. करंगळी हलल्यासारखी वाटली. हलली, की मला तसं वाटलं, कोण जाणे. सोहमलाही तेच दिसलं असावं. तो हरखला. "अरे वा! येतोय, आजोबा, येतोय!" आणि मदत करायला म्हणून त्याने आजोबांचं मनगट धरलं.

"सोड!" मी ओरडले. हातातलं फडकं कुठे पडलं कळलं नाही. "सोड त्यांचा हात!"

आवाज माझा नव्हता. इतकी वर्षं ज्या आवाजावर मी राग धरला, तो माझ्या गळ्यातून निघाला होता. सोहमने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. बाबांनीही माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटून त्यांनी हळूच मान डोलावली. दोनदा.

हात गोधडीवरच आहे. मोबाइलवर आज दोनतीनदा विचारणा झाली, मत कधी पाठवताय म्हणून. सोहमने अजून पाठवलेलं नाही. तो आजोबांच्या कॉटशी बसून राहिलाय, दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून.